४८ व्होल्टच्या मोटरच्या बॅटऱ्यांवरून शिडाच्या होडीतील १२ व्होल्टची उपकरणे कशी चालवावीत?

प्रश्न: शीड_बेलापूर

नमस्कार. माझी २४ फुटी फायबरग्लासची शिडाची होडी बेलापूरच्या खाडीत नांगरलेली असते. तिचे जुने डिझेल इंजिन काढून त्या जागी ४८ व्होल्टची विजेची मोटर बसवण्याचे काम आता पूर्ण होत आले आहे. मोटरसाठी १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या चार लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या आहेत आणि प्रत्येक बॅटरीत स्वतःचा बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडल्यास वीज तोडणारे सर्किट) आहे. संथ पाण्यात बेताच्या वेगाने जाताना मोटर साधारण १,५०० वॉट खाते, मात्र उधाणाच्या ओहोटीविरुद्ध खाडीत परतावे लागले की हा आकडा बराच वर जातो.

डिझेल इंजिन होते तेव्हा त्याच्या अल्टरनेटरवर १२ व्होल्टची एक बॅटरी चार्ज होत असे आणि दिवे, व्हीएचएफ रेडिओ (इतर नौकांशी बोलण्याचा), चार्ट प्लॉटर (नकाशावर होडीची जागा दाखवणारा पडदा), बिल्ज पंप (होडीच्या तळातले पाणी उपसणारा), केबिनमधले दोन छोटे पंखे आणि मोबाइल चार्जिंग एवढे सगळे तिच्यावर चालत असे. इंजिनासोबत अल्टरनेटरही गेला, त्यामुळे या उपकरणांना वीज कोठून द्यायची हा प्रश्न उभा राहिला आहे. वायरिंग करणाऱ्या कारागिरांनी सोपा मार्ग सुचवला: सिरीजमधल्या ऋण टोकाच्या पहिल्या बॅटरीच्या दोन टर्मिनलवरून १२ व्होल्ट घ्यावेत, वेगळे काहीच घ्यावे लागणार नाही. कागदावर हे बरोबर दिसते, पण मनाला पटत नाही.

आम्ही बहुधा घारापुरीपर्यंत जाऊन संध्याकाळी परततो. परतताना अटल सेतूखालून येईपर्यंत अंधार पडलेला असतो आणि न्हावा-शेव्याच्या बाजूने बार्ज व टगची ये-जा चालू असते. त्या वेळी दिवे आणि रेडिओ बंद पडणे मला कोणत्याही परिस्थितीत परवडणारे नाही. पहिल्या बॅटरीवरून वीज घेण्यात नेमका धोका काय आहे, कन्व्हर्टर घ्यायचा असल्यास किती क्षमतेचा घ्यावा आणि जुनी १२ व्होल्टची बॅटरी ठेवावी की काढून टाकावी, यावर जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १: डीसी_वागळे

नमस्कार. ठाण्यात सौरऊर्जा आणि बॅटरी पॅनेल जोडण्याचे काम मी रोज करतो, शिवाय दोन होड्यांची वायरिंग केली आहे. आपल्याला जे पटले नाही ते योग्यच आहे. पहिल्या बॅटरीवरून वीज घेऊ नये.

कारण आपल्याच आकड्यांवरून पाहू. एलईडी दिवे, ऐकण्याच्या स्थितीतला रेडिओ, प्लॉटर, पंखे आणि मोबाइल मिळून सरासरी भार ५५ वॉट धरला तर १२.८ व्होल्टला तो सुमारे ४.३ अँपिअर होतो, म्हणजे दहा तासांत एकट्या पहिल्या बॅटरीतून ४३ अँपिअर-अवर निघून जातात. त्याच दिवशी मोटरने चारही बॅटऱ्यांतून प्रत्येकी ५५ अँपिअर-अवर घेतले, तर पहिलीतून एकूण ९८ गेलेले असतील आणि उरलेल्या तिघींत प्रत्येकी ४५ शिल्लक असतील. अशा वेळी पहिल्या बॅटरीचा बीएमएस स्वतःच्या सेल वाचवण्यासाठी सर्किट उघडतो. चारही बॅटऱ्या एकाच साखळीत असल्याने मोटर तेथेच थांबते, आणि दिवेही त्याच बॅटरीवर असल्याने तेही विझतात. जवळपास निम्मी वीज शिल्लक असताना होडी अंधारात आणि प्रवाहाच्या स्वाधीन होते. जेट्टीवर चार्जर लावल्यावर उलटा त्रास सुरू होतो: इतर तीन बॅटऱ्या आधी भरतात, त्यांच्यापैकी एखादीचा बीएमएस चार्जिंग तोडतो आणि पहिली अर्धवटच राहते. हा फरक प्रत्येक फेरीत वाढत जातो. लेड-ॲसिडच्या बॅटऱ्या असत्या तर एक कायम उपाशी आणि तीन कायम जादा चार्ज, असे होऊन चौघीही लवकर संपल्या असत्या.

याच निमित्ताने एक गोष्ट तपासून घ्यावी. सिरीजमधल्या एका बॅटरीचा बीएमएस उघडतो तेव्हा त्याच्यातल्या मॉस्फेटवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचवर, १२ नव्हे, तर पूर्ण साखळीचा व्होल्टेज येऊ शकतो. म्हणून चार बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडण्यास उत्पादकाने लेखी परवानगी दिली आहे ना, हे माहितीपत्रकात पाहावे.

आता उपाय. ४८ व्होल्टवरून १२ व्होल्ट करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर पूर्ण साखळीच्या दोन टोकांना जोडावा, म्हणजे भार चारही बॅटऱ्यांवर सारखा पडेल. मात्र आपण दिव्यांविषयी जे लिहिले आहे ते पाहता केवळ कन्व्हर्टरवर भागणार नाही. मोठ्या साखळीचा बीएमएस कोणत्याही कारणाने उघडला, मग ते कारण मोटरने ओढलेला जादा करंट असो, तापमान असो किंवा एखादी कमकुवत सेल असो, कन्व्हर्टरची वीज त्याच क्षणी जाते. म्हणून १२ व्होल्टची स्वतंत्र बॅटरी ठेवावी, सर्व उपकरणे तिच्यावर चालवावीत आणि कन्व्हर्टरने फक्त तिला भरत राहावे. ४० अँपिअर-अवरची एजीएम (बंदिस्त प्रकारची लेड-ॲसिड) बॅटरी घेऊन तिचा निम्माच भाग वापरायचा ठरवला तरी सुमारे २५० वॉट-अवर मिळतात. पंखे आणि मोबाइल बंद करून दिवे, रेडिओ व प्लॉटर एवढेच चालू ठेवले तर त्यावर रात्र निघते. जुनी बॅटरी सुस्थितीत असेल तर तीही चालेल, पण आधी दुकानात लोड टेस्ट करून घ्यावी.

बॅटरी मध्ये असल्याचा दुसरा लाभ असा की कन्व्हर्टर लहान चालतो. रेडिओवर २५ वॉटने बोलताना सहा अँपिअरपर्यंत लागतात आणि पंप सुरू होताना क्षणभर त्याहून अधिक करंट ओढतो, परंतु हे झटके बॅटरी सोसते. कन्व्हर्टरला केवळ सरासरी भार आणि चार्जिंग सांभाळायचे असते. २० अँपिअरचा, म्हणजे सुमारे २४० वॉटचा पुरेसा आहे. त्याचा आउटपुट स्थिर करंटवर मर्यादित होणारा असावा, कारण साधे पॉवर सप्लाय रिकाम्या बॅटरीला जोडले की वारंवार बंद-चालू होत राहतात. एजीएमसाठी आउटपुट १३.५ व्होल्टवर ठेवावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद लॉकरमध्ये त्याहून अधिक ठेवल्यास बॅटरी सुकत जाते.

कन्व्हर्टर आयसोलेटेड, म्हणजे इनपुट आणि आउटपुट यांत थेट विजेची जोडणी नसलेला, घ्यावा, याबाबत मी आग्रही आहे. साध्या, ट्रान्सफॉर्मर नसलेल्या (बक) कन्व्हर्टरमधला मॉस्फेट शॉर्ट झाला तर ५० व्होल्टच्या वरचा दाब थेट रेडिओ आणि प्लॉटरवर जातो. आयसोलेटेड प्रकारात मध्ये ट्रान्सफॉर्मर असल्याने हा मार्गच राहत नाही. शिवाय मोटरची ४८ व्होल्टची ऋण बाजू आणि १२ व्होल्टची ऋण बाजू वेगळ्या राहतात, त्यामुळे शाफ्ट आणि प्रोपेलरमधून खाऱ्या पाण्यात भटका करंट जाऊन धातू खाल्ला जाण्याची एक वाट बंद होते.

फ्यूजबद्दल मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सर्वाधिक निष्काळजीपणा मला येथेच दिसतो. मोटारगाडीत वापरले जाणारे पात्याचे फ्यूज बहुतांशी ३२ व्होल्टसाठी असतात. आपली साखळी पूर्ण भरल्यावर ५८.४ व्होल्टपर्यंत जाते. इतक्या डीसी दाबाला तो फ्यूज वितळला तरी आतली ठिणगी विझेलच याची खात्री नसते, आणि तो फ्यूज स्वतःच आगीचे कारण ठरतो. कन्व्हर्टरच्या इनपुटला २४० वॉटसाठी सहा अँपिअरच्या आसपास करंट लागेल. तेथे सौर पॅनेलसाठी मिळणारा १०×३८ आकाराचा, १,००० व्होल्ट डीसीचा १० अँपिअरचा फ्यूज बसवावा. वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याकडे सौर साहित्य ठेवणाऱ्या कोणत्याही दुकानात तो होल्डरसह सहज मिळतो. होल्डर पाणीरोधक नसतो, म्हणून तो बंद डब्यात ठेवावा आणि भार चालू असताना कधीही उघडू नये. एसीची एमसीबी येथे चालत नाही. डीसीची एमसीबी घेतल्यास तिच्यावर धन-ऋणाच्या खुणा आहेत का ते पाहून त्याच दिशेने जोडावी. मुख्य साखळीच्या धन टोकाशी क्लास-टी फ्यूजच असावा. लिथियमची साखळी शॉर्ट झाल्यास काही हजार अँपिअर वाहू शकतात आणि तो करंट सुरक्षितपणे तोडण्याची क्षमता या फ्यूजमध्ये असते. अमेरिकेतील एबीवायसी या होड्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांत फ्यूज बॅटरीपासून ७ इंचांच्या आत ठेवावा असे आहे. काही अपवाद तेथे दिले आहेत, पण आपण त्यांच्या भरवशावर राहू नये.

उत्तर २: ऐरोली_किनारा

वरील उत्तराशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, तथापि दुसरी बॅटरी प्रत्येकाला लागतेच असे वाटत नाही. लहान होडीत एक बॅटरी वाढली की एक चार्जिंग व्यवस्था वाढते, वजन वाढते, आणि गंजणाऱ्या चार जोडण्या वाढतात. माझ्या १८ फुटी होडीवर एकच कन्व्हर्टर आहे. हातात धरण्याचा व्हीएचएफ आणि जोरदार टॉर्च स्वतःच्या सेलवर चालतात, आणि दिवसा किनाऱ्यालगत फिरण्यासाठी मला तेवढे पुरते. सात मीटरपेक्षा कमी लांबीच्या शिडाच्या होडीला नेहमीचे दिवे लावणे शक्य नसेल, तर केवळ शिडावर जाताना टॉर्च हाताशी ठेवून वेळेवर दाखवण्याची मुभा आंतरराष्ट्रीय नियमांत आहे.

उत्तर ३: डीसी_वागळे

आपल्या होडीसाठी ते ठीक आहे. परंतु प्रश्नकर्त्यांची होडी २४ फुटांची, म्हणजे ७.३ मीटरची आहे, त्यामुळे ती सवलत त्यांना लागू होत नाही. आणि ते अंधारात, मोटर चालवत, बार्जच्या वाटेवरून येतात. अशा होडीवर दिव्यांचा उगम मोटरच्या बीएमएसवर अवलंबून ठेवणे मला मान्य नाही. दोन कन्व्हर्टर लावूनही हा प्रश्न सुटत नाही, कारण दोन्हींची वीज एकाच साखळीतून येते.

उत्तर ४: दिवाळे_बंदर

नमस्कार. होड्यांची देखभाल हे माझे रोजचे काम आहे, म्हणून बिल्ज पंपाविषयी लिहितो. वर त्याचा उल्लेख ओझरता झाला आहे, पण होडी उभी असताना तिला वाचवणारे ते एकमेव उपकरण आहे.

पंपाची जोडणी १२ व्होल्टच्या बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूजमधून थेट फ्लोट स्विचकडे (पाणी चढले की तरंगून पंप सुरू करणारा स्विच) न्यावी आणि मुख्य स्विच बंद केला तरी ती चालू राहावी. विजेची गरज प्रत्यक्षात फार नसते. १०० मिलिमीटर पाऊस झाला तर उघड्या भागाच्या प्रत्येक चौरस मीटरवर १०० लिटर पाणी पडते. पाच चौरस मीटरच्या उघड्या कॉकपिटचे निचऱ्याचे भोक पानांनी बंद झाले, तर ५०० लिटर पाणी आत जाते. तासाला १,९०० लिटर असे लिहिलेला पंप प्रत्यक्षात पाइपाची उंची आणि वळणे यांमुळे साधारण निम्मेच काढतो असे धरले, तरी अर्ध्या तासाच्या थोडे वर काम होते आणि अडीच अँपिअरने दीड अँपिअर-अवरच्या आतच खर्च होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला होता. तसा दिवस आला तरी १५ अँपिअर-अवर पुरतील.

पंप थांबतो तो वीज संपल्यामुळे क्वचितच, गाळामुळे अधिक. आपल्या खाडीचा गाळ मऊ आणि चिकट असतो. नांगराच्या दोरीबरोबर तो आत येतो, बिल्जमध्ये बसतो आणि सुकला की फ्लोटची बिजागरी जागच्या जागी धरून ठेवतो. फ्लोट हाताने उचलून पाहावा: तो आपल्या वजनाने लगेच खाली आला पाहिजे, मध्येच रेंगाळता कामा नये. त्यानंतर स्विचची वायर जेथे जोडली आहे तो सांधा पाहावा. साधी तांब्याची वायर असेल तर प्लास्टिकच्या आवरणाखाली बोटभर आतपर्यंत ती काळी-हिरवी झालेली आढळते आणि वाकवल्यावर तिचे धागे तुटतात. त्यामुळे कथिलाचा मुलामा दिलेलीच वायर घ्यावी, लग दाबण्यासाठी योग्य मापाचा क्रिम्पिंग टूल वापरावा आणि सांध्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक चढवावी. बिल्जमधला सांधा शक्य तितका वर, पाणी पोहोचणार नाही अशा ठिकाणी घ्यावा.

होडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर कन्व्हर्टरच्या इनपुटला स्विच हवाच. काहीही चालू नसताना कन्व्हर्टर दोन वॉट जरी खात असेल, तरी महिन्याला सुमारे १.४ किलोवॉट-अवर होतात. आपली संपूर्ण साखळी ५.१ किलोवॉट-अवरची आहे, म्हणजे पाव भागाहून अधिक वीज काही न करता जाते. पावसाळ्यात लिथियम साखळी साधारण निम्मी भरून ठेवावी, कन्व्हर्टर बंद करावा आणि १२ व्होल्टच्या बॅटरीला कंट्रोलरसह २० वॉटचे छोटे सौर पॅनेल जोडावे. जुलैच्या ढगाळ दिवसांतही फ्लोट स्विचच्या पंपापुरती वीज त्यातून मिळत राहते.

शीड_बेलापूर

सर्वांचे मनापासून आभार. कारागिरांना पहिल्या बॅटरीवरची जोडणी न करण्यास सांगितले आहे. आयसोलेटेड कन्व्हर्टर आणि ४० अँपिअर-अवरची एजीएम बॅटरी असे ठरले. आणखी दोन शंका आहेत. कन्व्हर्टर मोटरजवळच्या बॅटरीच्या खणात बसवावा की पुढे स्विच पॅनेलजवळ? आणि शिडावर जाताना पाण्याने फिरणाऱ्या प्रोपेलरमुळे मोटर थोडी वीज परत देते, ती या उपकरणांना पुरेल का, आणि त्या वेळी दिवे कोणते लावावेत?

उत्तर ५: नेरूळ_दर्यावर्दी

परत मिळणाऱ्या विजेपासून सुरुवात करतो. आपल्या आकाराच्या होडीवर ही वीज वेग वाढतो तशी झपाट्याने वाढते आणि वेग कमी झाला की जवळजवळ नाहीशी होते. पाच नॉटच्या वर सतत वारा मिळाला तर उपकरणांचा भार कदाचित निघेल. खाडीतल्या तीन नॉटवर तिच्यावर विसंबू नये. खरे पाहता त्याची फारशी चिंताही नको. ५५ वॉट दहा तास म्हणजे कन्व्हर्टरमधला क्षय धरून सुमारे ६१० वॉट-अवर. आपली मोटर १,५०० वॉटवर २५ मिनिटांत तेवढे खाते. वीज वाचवायची असेल तर ती मोटरच्या हँडलवर वाचते, अर्धा नॉट कमी वेगाने गेल्यास दिवे, रेडिओ आणि पंखे यांचा सगळा खर्च भरून निघतो. दिवे कमी लावून कोणी बचत करू नये.

दिव्यांचा नियम स्पष्ट आहे. मोटरने होडी पुढे नेली जात असेल तर शिडे वर असली तरी नियमांच्या दृष्टीने ती यांत्रिक नौका ठरते. त्या वेळी डोलकाठीवरचा पुढे दिसणारा पांढरा दिवा, डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि मागे पांढरा असे दिवे हवेत. १२ मीटरपेक्षा लहान नौकेसाठी दोन्ही पांढरे दिवे दोन सागरी मैलांवरून आणि बाजूचे एका सागरी मैलावरून दिसले पाहिजेत. मोटर बंद करून केवळ शिडावर जात असाल तर पुढचा पांढरा दिवा विझवावा. डोलकाठीच्या टोकावरचा एकत्रित तिरंगी दिवा फक्त शिडावर असतानाच चालतो. पाण्याने प्रोपेलर फिरत असताना मोटर होडीला ढकलत नसते, त्यामुळे तेव्हा आपण शिडाची नौकाच असता. विजेची मोटर आवाज करत नाही, त्यामुळे ती सुरू केल्यावर दिवा बदलायचे राहून जाणे सोपे असते. मोटरच्या किल्लीशेजारीच मोटर आणि शीड या दोन स्थितींच्या दिव्यांचा दुहेरी स्विच बसवावा.

कन्व्हर्टरच्या जागेविषयी: तेवढ्याच वॉटसाठी ४८ व्होल्टवर करंट १२ व्होल्टच्या चौथा हिस्सा असतो आणि त्याच वायरमधला क्षय सोळावा हिस्सा. म्हणून लांबचा पल्ला ४८ व्होल्टने न्यावा आणि कन्व्हर्टर व १२ व्होल्टची बॅटरी पॅनेलजवळ ठेवावी. फ्यूज मात्र मोठ्या साखळीपाशीच असावा, म्हणजे मधली वायर घासली गेली तरी ती संरक्षित राहील. पॅनेलपासून पुढेही वायरच्या जाडीकडे पाहावे लागते. रेडिओ चार मीटरवर असेल तर जाऊन-येऊन आठ मीटर वायर होते. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये सहा अँपिअरला अर्ध्या व्होल्टहून जास्त घट येते आणि नेमके बोलतानाच रेडिओचा जोर कमी होतो. चार चौरस मिलिमीटरची वायर घेतल्यास ही घट ०.२ व्होल्टपर्यंत खाली येते. डोलकाठीवरच्या एलईडी दिव्याला मात्र एवढ्या लांबीवरही दीड पुरते, कारण त्याचा करंट ०.२ अँपिअरच्या आसपास असतो.

कन्व्हर्टर पॅनेलजवळ आल्यामुळे दोन गोष्टी बसवण्याआधी तपासाव्यात. तो स्विचिंग प्रकारचा असल्याने रेडिओत गोंगाट आणू शकतो. चॅनल १६ वर स्क्वेल्च (रेडिओची खरखर दाबणारी सोय) पूर्ण उघडून कन्व्हर्टर बंद-चालू करून ऐकावे. खरखर वाढली तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या वायरींवर फेराइट कोर (गोंगाट शोषणारी कडी) चढवावेत आणि ॲन्टेनाची केबल त्याच्यापासून दूर न्यावी. दुसरे होकायंत्र. मोटरच्या धन आणि ऋण केबल एकमेकींना चिकटवून बांधाव्यात, त्यांच्यात अंतर राहिले की त्या होकायंत्राची सुई ओढतात. होडी जेट्टीला दोन्ही बाजूंनी पक्की बांधून होकायंत्राचा आकडा आधी मोटर बंद ठेवून पाहावा, मग ३० अँपिअरवर, मग कन्व्हर्टर पूर्ण भाराने चालू ठेवून. सुई हलली तर स्क्रू कसण्यापूर्वी कन्व्हर्टर हातात धरून तो कोठे नेल्यावर ती मूळ आकड्यावर येते ते पाहावे आणि तीच जागा पक्की करावी.